बाजूची चाकं

आमच्या घरात रविवार तळणीच्या वासानं उजाडायचा. धानोरीला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि डोक्यावरून लोहगावची विमानं इतक्या खालून जायची, की बोलता बोलता थांबायचं आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं बोलायचं, अशी सवय आम्हा तिघांना लागली होती. आजही खराडीच्या ऑफिसात मी मध्येच विनाकारण थांबते आणि समोरचा माणूस गोंधळून माझ्याकडे बघत राहतो. आई पहाटे उठून कोथिंबीर निवडायची, धुऊन फडक्यावर पसरायची. आम्ही मूळचे वरूडकडचे. तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वडीला सांबारवडी. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी आई भाजीवालीकडे सांबारच मागायची, भाजीवाली "इथं हॉटेल नाही मावशी" म्हणायची, आणि आई न चिडता जुडीकडे बोट दाखवायची. बाबा त्या वेळी मार्केट यार्डात असायचे. यार्डाला सुट्टी शनिवारची, रविवारी तर सगळ्यात जास्त गर्दी. आमच्याच भागातून येणाऱ्या संत्र्यांच्या गाड्या उतरवून घेणं आणि माल लावणं हे त्यांचं काम. त्यांच्या सगळ्या शर्टांना संत्र्याच्या सालीचा वास यायचा, धुतल्यावरसुद्धा.

माझा डावा हात कोपराच्या जरासा खाली येऊन थांबतो. जन्मापासून तसाच आहे. लोकांना त्यामागं काहीतरी गोष्ट हवी असते, अपघात, आजार, निदान ग्रहण तरी. माझ्याकडे गोष्ट नाही म्हटलं की त्यांची निराशा होते. आईनं त्याला 'छोटा हात' असं नाव दिलं होतं आणि घरात दुसरा कुठलाही शब्द चालत नसे. दर रविवारी आई वड्यांचा डबा पिशवीत घालायची, मला इस्त्रीचा ड्रेस घालायला लावायची आणि आम्ही दोन बस बदलून शनिवार पेठेतल्या एका शाळेत जायचो. तिथला खालचा एक वर्ग आम्हाला सकाळी वापरायला मिळायचा. तिथं आमच्यासारखी घरं जमत. कुणाच्या मुलाचा हात नाही, कुणाच्या मुलीचा पाय आखूड, कुणाची बोटं जुळलेली. नाव, पाटी असं काही नव्हतं. सगळे 'रविवारचा ग्रुप' म्हणायचे.

हा ग्रुप एका बाकावर सुरू झाला होता. कृत्रिम हातपाय बसवून देणाऱ्या एका दवाखान्याबाहेर तो बाक होता आणि मी तेव्हा आईच्या मांडीवर मावण्याइतकी लहान होते. आई रडत होती. शेजारी बापटकाकू बसल्या होत्या. त्यांच्या निहारला एका हाताला बोटं नव्हती. त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पहिलीच वेळ का? मग आधी चहा घेऊन या. इथं रडायला पुष्कळ वेळ मिळतो, चहा मात्र अकरानंतर बंद होतो." आई सांगायची, की मी झाल्यापासून ती पहिल्यांदा त्या दिवशी हसली. पुढं काकूंनी आईला पत्ता दिला, आईनं आणखी एका बाईला, असं करत पंधरावीस घरं जमली. बापटकाकूंचं बोलणं शेवटपर्यंत तसंच राहिलं. आईची वडी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्यांनी ती मोडून आत नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्यात सांबार कुठंय?" मग मुकाट्यानं तीन खाल्ल्या.

त्या वर्गात जे चांगलं होतं ते मी नाकारत नाही. माझ्या बरोबरीच्या इम्रानचा उजवा पाय आखूड होता, त्या पायाला खास बनवलेला उंच बूट असायचा, म्हणून विकतच्या जोडीतला त्याला फक्त डावा लागायचा. गौरी नावाच्या मुलीचं नेमकं उलट होतं. दोघांचं माप जुळतं हे एका रविवारी त्यांच्या आयांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरं मिळून एकच जोड घ्यायला लागली. गौरीला गुलाबी पट्टी हवी असायची, इम्रानला काळा रंग, आणि भर लक्ष्मी रस्त्यावर दोघांची भांडणं व्हायची. शेवटी पांढऱ्यावर तडजोड व्हायची आणि दोघंही आठवडाभर तोंड फुगवून तेच बूट घालून फिरायची. शाळेत कुणी चिडवलं तर काय बोलायचं, कुठला शिंपी बाही नीट आखूड करतो, कुठला डॉक्टर घाबरवतो आणि कुठला नाही, हे सगळं त्या वर्गात कळायचं. आयांना बसायला ती लहान मुलांची बाकं असायची, गुडघे पोटाशी येत, तरी तास-दोन तास कुणी उठायचं नाही.

पण मी त्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठी मुलगी होते. सगळ्यात मोठी आणि, आयांच्या भाषेत, सगळ्यात हुशार. म्हणजे मला एका हातानं बुटाची नाडी बांधता यायची, गुडघ्यात संत्रं धरून ते अख्खं सोलता यायचं, ओढणीला पिन लावता यायची. एखादं नवं घर आलं, आई तान्ह्या बाळाचा हात दुपट्यात लपवून दारात घुटमळायला लागली, की कुणीतरी हाक मारायचं, "वर्षा, जरा दाखव गं यांना." मी उठायचे. बूट काढायचे, परत घालायचे, नाडी बांधायचे. नवी आई डोळे पुसायची, सगळ्यांना बरं वाटायचं आणि मी जागेवर जाऊन बसायचे. लहान असताना मला त्याचा अभिमान होता. पुढं पुढं नवं कुणी दारात दिसलं की मी बूट बाकाखाली सरकवायला लागले. मला स्वतःला जे अडायचं ते विचारायला तिथं कुणीच नव्हतं. वेणी कशी घालायची, आतल्या कपड्यांचे हूक कसे लावायचे, हे मला सांगणारी कुणी मोठी मुलगी नव्हती. लहान मुलींना मी होते. माझ्यापुढं भिंत होती.

बारावीनंतर मला शिवाजीनगरकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बसचा खरा छळ सुरू झाला. बसमध्ये उभं राहायचं तर एक हात वरच्या दांडीला लागतो. तो हात दांडीला दिला की पास कशानं दाखवायचा, पिशवी कशानं सावरायची? ब्रेक लागला की मी कुणाच्या तरी अंगावर जायचे. कुणी अंगचटीला आलं तर कोपर मारता यायचं, कोपरं मला दोन्ही आहेत, पण तेवढ्यावर तीन वर्षं काढणं कठीण होतं. एकदा विश्रांतवाडीच्या थांब्यावर उतरताना मी पायरीवरून पडले. कंडक्टरनं उचललं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "घरचं कुणी बरोबर येत नाही का हो हिच्या?" वर्गातल्या बाकीच्या मुली तोंडाला ओढण्या गुंडाळून आपापल्या स्कूटरवर भुर्रकन यायच्या. पुण्यात ज्या मुलीला गाडी चालवता येत नाही तिला सतत कुणाच्या तरी सोयीनं जगावं लागतं. मला गाडी हवी होती, आणि तेवढंच हवं होतं.

बाबांनी ऐकूनच घेतलं नाही. ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "पागल झाली का तू? रस्त्यानं दोन हातवाले मरून राहिले." आईनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. पण पुढच्या रविवारी तिनं बापटकाकूंना ते सांगितलं असावं, कारण वर्ग संपल्यावर काकूंनी मला घरी नेलं आणि जिन्याखाली कापड घालून ठेवलेली त्यांची स्कूटर दाखवली. बिनागिअरची, जुनी, पण नीट राखलेली. "गुडघे गेल्यापासून नुसती उभी आहे," त्या म्हणाल्या. "ने. आणि पडलीस तर मला फोन करू नकोस, आईला कर. मला दुपारी झोप लागते."

गाडीत बदल करून घ्यायला इम्रान माझ्याबरोबर नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये आला. डावा ब्रेक उजव्या पायाखाली घेतला, हॉर्न आणि इंडिकेटर उजवीकडे आणले, आणि डाव्या हँडलला एक वाकडा पाइप जोडून तो माझ्या छोट्या हातापर्यंत वर आणला. त्या पाइपाच्या टोकाला आईनं जुन्या पिशवीच्या कॅनव्हासची वाटी शिवली. हात घट्ट बसावा, पण पडलं तर लगेच सुटावा, म्हणून तिनं ती कितीदा उसवली आणि शिवली याची गणती नाही. मग दुपारी बाबा यार्डात असताना आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटिंगमध्ये मी शिकायला लागले. आई मागची दांडी धरून स्लिपर फटफटवत धावायची. पदर खोचलेला, घाम निथळतोय, आणि तोंडानं, "पाय! पाय! अगं पाय दाब ना!" एके दिवशी मी वळून पाहिलं तर आई खूप लांब उभी होती आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून हसत होती. तिनं दांडी कधी सोडली ते मला कळलंच नव्हतं.

हे शेजाऱ्यांकडून बाबांना कळलंच. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसती किल्ली खिशात घातली आणि यार्डात निघून गेले. कितीतरी दिवस ती किल्ली रोज संत्र्यांच्या पेट्यांमधून फिरून संध्याकाळी घरी यायची आणि शर्टाबरोबर खुंटीवर टांगली जायची, पण तिला हात लावायची आमची हिंमत नव्हती. शेवटी एका सकाळी ती टीव्हीवर ठेवलेली दिसली. बाबा दारात चप्पल घालत होते. "परवाना काढल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, झालं. आता परवाना काढणं तेवढं राहिलं.

परवान्याच्या कार्यालयात इम्रान आणि मी एकाच दिवशी गेलो. त्याच्या गाडीला मागं दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं होती. पाय टेकवता येत नाही त्याला ती लागतात, ते बरोबरच आहे. तो मैदानात एक फेरी मारून आला, साहेबांनी मान हलवली, झालं. मग साहेब माझ्या गाडीभोवती फिरले.

"बाजूची चाकं कुठायत?"

"सर, माझे पाय चांगले आहेत. मी पाय टेकवू शकते. माझा हात..."

"हात दिसतोय मला. अपंगांच्या गाडीला चाकं लागतात."

"पण चाकांचा हाताशी काय संबंध, सर? ब्रेक पायाखाली घेतलाय. मला एकदा चालवून तरी दाखवू द्या."

"मॅडम, उद्या तुम्ही ट्रकखाली गेलात तर सही कुणाची निघणार? माझी. चाकं लावून या."

माणूस उर्मट नव्हता. त्यानं मला बसायला खुर्चीसुद्धा दिली, जिची मला अजिबात गरज नव्हती. पण त्याच्या डोक्यात अपंग म्हणजे एकच चित्र होतं आणि मी त्या चित्रात बसत नव्हते, एवढी साधी गोष्ट. मी बाहेर आले तेव्हा संतापानं माझे कान तापले होते. इम्रान म्हणाला, "ग्रुपमध्ये बोल. सगळे मिळून आले तर हा माणूस ऐकेल."

मला ते पटलं. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी मी नाड्या बांधल्या ते माझ्यासाठी एक सकाळ येणार नाहीत, असं माझ्या मनातही आलं नाही. रविवारी मी वर्गात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मग देशमुखसाहेब बोलले. हे हिंजवडीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांची सई तेव्हा पहिलीत होती आणि तिचा हात थेट माझ्यासारखा, फक्त उजवा. ग्रुपचं सगळं आता तेच बघायचे. "वर्षा, आय टोटली गेट इट," ते म्हणाले. "पण थोडा प्रॅक्टिकल विचार करू. रिस्क आहे. ग्रुप म्हणून आपण मागं उभं राहायचं आणि काही झालं, तर मेसेज काय जातो?"

"मेसेज?" मी म्हटलं.

त्यांच्या बायकोनं, देशमुखवहिनींनी, सईला जवळ ओढलं. "राग मानू नकोस गं. पण तू पडलीस ना, तर उद्या माझ्या सईच्या हातात कुणी साधी सायकलसुद्धा देणार नाही. एकटी तू पडणार नाहीस."

इतर आयांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, रिक्षा लावून टाका. कुणी म्हणालं, एवढी हुशार मुलगी, कशाला उगाच धोका घेते. माझं डोकं फिरलं. "मला काय काय येतं हे दाखवायला दर आठवड्याला उभं करता," मी म्हणाले, "आणि मला जे खरंच करायचंय ते निघालं की बसवता? मग नाडी बांधायला तरी कशाला लावता?" आईनं माझा ड्रेस मागून ओढला. देशमुखसाहेब म्हणाले, आपण इमोशनल नको होऊया. बापटकाकू खिडकीपाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "बरोबर आहे. इमोशनल व्हायचं ते फक्त नव्या लोकांसमोर." कुणी हसलं नाही. सभा उठली. वड्यांचा डबा निम्मा तसाच घरी आला.

आज मला देशमुखवहिनींची भीती कळते. सईला जे मिळणार ते सगळं मी न पडण्यावर टांगलेलं होतं, असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि जगाचं वागणं पाहता त्या फारशा चुकीच्याही नव्हत्या. दुसरी कुठली मुलगी गाडीवरून पडली तर ती एकटी पडते. पण कळणं वेगळं आणि राग जाणं वेगळं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

परत कार्यालयात गेले ती आई आणि बापटकाकूंना घेऊन. साहेब तेच होते. काकूंनी चष्मा लावला आणि विचारलं, "अहो साहेब, हिला कमी ऐकू येत असतं तरी आपण चाकंच लावायला सांगितली असती का?" साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. आम्ही दुपारपर्यंत उन्हात उभ्या राहिलो, मग परत आलो. त्यानंतर एका डॉक्टरांनी लेखी दिलं, ते साहेबांनी वाचलं, "छान लिहिलंय" म्हणाले आणि परत दिलं. तोवर कॉलेजची पहिली परीक्षा आली होती आणि बसनं मी पुरती टेकीला आले होते. शेवटी मी हरले. गाडीला बाजूची चाकं लावली. मैदानात फेरी मारली. साहेबांनी आनंदानं सही केली, पण परवाना फक्त चाकं लावलेल्या गाडीचा.

आणि त्या चाकांनी मला जितकं अपंग केलं तितकं छोट्या हातानं कधी केलं नव्हतं. गाडी रुंद झाली, गल्लीत मावेना. वळणावर दुचाकी जशी कलते तशी ती कलायची नाही, उलट बाहेर ढकलायची. खड्ड्यात एक चाक गेलं की सगळं धूड तिरकं व्हायचं. लोकांना ती चाकं दिसली की ते माझ्या पायांकडे बघायचे. कॉलेजच्या पार्किंगमधला रखवालदार पहिल्या दिवशी धावत कुबड्या शोधायला लागला. मी उतरून तरातरा चालायला लागले तेव्हा त्याचा चेहरा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यावर डूख धरून होता. "पाय तर चांगले आहेत की. अपंगांची जागा अडवून ठेवता!" मी छोटा हात दाखवला. तो म्हणाला, "मग हाताला चाकं लावायची ना." संबंध पुण्यात ज्याला ही गोष्ट बरोबर कळली असा तो एकटाच माणूस, आणि तोही माझ्याशी भांडत होता.

बाबा मात्र खूश होते. त्यांनी गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि चाकांवरून हात फिरवत म्हणाले, "आता कशी भक्कम दिसून राहिली." मी जिना चढून वर निघून गेले. आई म्हणाली, "त्यांना आता यार्डात काम सुचतं तरी. आधी दिवसभर फोनकडे बघत बसायचे." मला तेही ऐकायचं नव्हतं.

रविवारी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईनं आग्रह केला नाही. "तू नको येऊ. मी जाते. मला तिथं बरं वाटते," ती म्हणाली आणि डबा घेऊन बसला निघाली. ती दोन बस बदलणार आणि मी खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत बसणार, हे मला सहन होईना. शेवटी मीच तिला घेऊन गेले. शाळेच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा देशमुखसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "सी? सेफ सोल्युशन निघालं की नाही? धिस इज अ सक्सेस स्टोरी." त्यांना माझा गाडीबरोबर फोटो हवा होता. सईला गाडीवर बसवा, असंही कुणी म्हणालं. मी फोटोला न थांबता वर्गात शिरले.

आत एक नवी बाई होती. लोणीकंदकडून आलेली, सुरेखा नावाची, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. मांडीवर तान्ही मुलगी, आणि मुलीचा डावा हात शालीत गुंडाळलेला. बरोबर कुणी नाही. आणि मागून ओळखीची हाक आली, "वर्षा, यांना जरा दाखव गं."

मी त्या बाईसमोर बसले. बुटाला हात लावला नाही. "दाखवणार नाही," मी म्हणाले. "विचारायचं असेल ते विचारा."

तिनं बाळाची शाल सावरली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगताल?"

"हो."

"हिचं पुढं कसं हुईल?"

मी सांगितलं. नाडी बांधता येईल, संत्रं सोलता येईल, त्याची काळजी करू नका, ते ती आपलं आपण शोधून काढेल, असं म्हणाले. मग बस सांगितली, कंडक्टर सांगितला. हूक सांगितले, ते बसवायला मला कशी दोन वर्षं लागली तेही. साहेब सांगितले, त्यांनी दिलेली खुर्ची सांगितली, बाहेर उभी असलेली ती चाकं सांगितली, आणि ज्यांनी बरोबर यायचं ते कसे आले नाहीत हेही त्यांच्याच समोर सांगितलं. देशमुखसाहेबांनी मध्येच "नव्या मेंबरसमोर इतकं निगेटिव्ह..." असं सुरू केलं. बापटकाकूंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं सुरेखा रडेल. ती रडली नाही. पुढं वाकून, एकेक शब्द टिपून घेत ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "सासरचे म्हणत्यात टाकून दे, डॉक्टर म्हणत्यात काय बी होत न्हाई. दोघांचं बी खरं वाटना." मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत तिनं विचारलं, "मग त्या हापिसात परत कवा जायचं?"

"कुठल्या?"

"चाकं काढाय. मी येते की. मला बी बघू द्या त्यो कसा न्हाई म्हणतो. पुढं हिला लागणारच हाय ते."

इतकी वर्षं त्या बाकांवर बसून जे कुणी म्हणालं नव्हतं ते आजच आलेल्या, अजून वडीसुद्धा न खाल्लेल्या बाईनं म्हटलं होतं. देशमुखवहिनी खाली बघत होत्या. मान वर करून त्या म्हणाल्या, "मीही येते. पण मला भीती वाटते, वर्षा. ती मी लपवणार नाही." मी म्हटलं, "नका लपवू. घेऊन या."

आम्ही गेलो. आया, मुलं, पाण्याच्या बाटल्या, इम्रान, गौरी, रजा काढलेले देशमुखसाहेब. बाबा आले नाहीत, त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत चाकं बरी असंच होतं. गाडीची चाकं आदल्या संध्याकाळी काढलेली. कोण काय बोलणार हे सगळं ठरलं होतं. देशमुखसाहेबांनी तर मुद्दे पाठ केले होते. पण त्या टेबलामागं दुसराच माणूस बसला होता. आधीच्या साहेबांची बदली झाली होती. हे नवे साहेब फोनवर घरी दुपारच्या डब्याबद्दल बोलत होते. बोलता बोलता खिडकीतून त्यांनी माझी फेरी पाहिली. कोन्यावर मी वळले, थांबले, पाय टेकला, परत निघाले. ते फोन कानाला तसाच धरून म्हणाले, "ब्रेक पायाला घेतलाय का? बरं." आणि सही केली. "पुढचे कोण?"

एवढंच. इतक्या लोकांनी त्यांच्यापुढं उभं राहून काही बोलायचीसुद्धा वेळ आली नाही. बाहेर सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. आई पदरानं तोंड पुसत होती. आणि मी मात्र भिंतीला टेकून उभी होते, आनंद शोधत, आणि सापडत होता तो नुसता संताप. जे एका 'बरं'मध्ये होण्यासारखं होतं त्यासाठी माझं कॉलेजचं अख्खं वर्ष गेलं होतं. कुणावर ओरडावं तर समोर कुणी नव्हतं. बापटकाकू जवळ आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आलाय ना राग? असू दे. पण गाडी सावलीत घे आधी, सीट तापतेय."

माणसं पांगायला लागली. कोण कुणाबरोबर जाणार याची बोलाचाली सुरू झाली. सुरेखाला वाघोलीकडची बस पकडायची होती आणि थांबा लांब होता. देशमुखसाहेब म्हणाले, मी कारनं सोडतो. तिनं मानेनंच नको म्हटलं, बाळाच्या हातावरची शाल सोडली आणि त्याच शालीनं बाळाला पोटाशी बांधून घेतलं. बाळाचा तो छोटा हात उघडा, उन्हात. मग ती सरळ येऊन माझ्या मागं बसली. देशमुखवहिनी पुढं झाल्या आणि शालीची गाठ तपासून मागं सरकल्या. आईनं दोन्ही हात छातीशी घेतले.

मी छोटा हात वाटीत बसवला, किल्ली फिरवली. "नीट धरलंय ना?" मी विचारलं.

"मी धरलंय," ती म्हणाली. "तुम्ही चालवा."